न दिलेली आज्ञा

आप्पा,

परवा आपल्या जुन्या कॉलनीत जाऊन आलो. आता तिथे कॉलनी नाही. आपल्या चाळीस बैठ्या घरांच्या जागी तीन इमारती उभ्या आहेत आणि त्यांना नाशकात कधीही न उगवलेल्या फुलांची नावं दिली आहेत. ज्येष्ठ आणि तरुण यांच्यात सुसंवाद व्हावा म्हणून त्यांनी कार्यक्रम ठेवला होता, आणि मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. सुसंवादाचा फलक जिथे लावावा लागतो तिथली परिस्थिती तुम्हाला वेगळी सांगायला नको. ज्येष्ठ उजवीकडे बसले होते, तरुण डावीकडे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून चिवड्याच्या बश्या फिरत होत्या. सोसायटीचा चेअरमन म्हणजे आपल्या बारा नंबरच्या घरातला माझा मित्र, आपल्या नाटकातला प्रधान. आता त्याला पोट आहे, टक्कल आहे आणि माइक हातात आला की सोडवत नाही. तो म्हणाला, या जागेवर एके काळी म्हातारे आणि पोरं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, आणि कॉलनी एक झाली ती एका माणसाच्या विसरण्यामुळे. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "यांचे वडील राजा झाले होते. ऐन प्रवेशात भाषण विसरले, आणि पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे त्यांना आठवण करून द्यायला लागले." लोक हसले. उजवीकडचे आणि डावीकडचे एकदमच हसले, म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाला. मीही हसलो. ते हसू घेऊन घरी आलो आणि दोन दिवस झाले, ते काही उतरत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

तुम्हाला प्रस्तावना आवडत नसे. कचेरीत आलेल्या अर्जाचा पहिला परिच्छेद तुम्ही वाचतच नव्हतात. म्हणायचात, माणूस खरं दुसऱ्या परिच्छेदापासून बोलायला लागतो. तर आता बोलतो.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. तुम्ही पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाला होतात आणि मी कॉलेज संपवून, नोकरी न लागलेल्या माणसाला जितकी हुशारी येते तितकी घेऊन हिंडत होतो. आदल्या वर्षी गणपतीत आम्ही पोरांनी ऑर्केस्ट्रा आणला होता. तिसऱ्या गाण्याला कोणा म्हाताऱ्याने फ्यूज काढून नेला. कोणी नेला ते अजून उघड झालेलं नाही. माझा संशय चौदा नंबरच्या काकूंवर आहे, कारण त्याच तेवढ्या उंच होत्या. त्यानंतर वर्षभर कोणी कोणाशी बोललं नाही. पोरं म्हाताऱ्यांच्या ओट्यावरून जाताना मुद्दाम शीळ घालत, म्हातारे मुद्दाम खोकत. आणि श्रावणात ठरलं की यंदा दोन गणपती बसवायचे. चाळीस घरांना दोन गणपती. देवालासुद्धा प्रश्न पडला असता की विसर्जनाला आधी कोणी निघायचं.

मंडळाच्या त्या बैठकीत तुम्ही आधी सगळ्यांचं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "एकच बसवू. नाटक करू. जुनं." पोरं कुरकुरली. तुम्ही जे नाटक सांगितलं ते आमच्या आजोबांच्या काळातलं, पाच अंकी, पदांनी खच्चून भरलेलं, राजा-युवराज-प्रधान असलं. एकेका प्रवेशात माणूस दाढी वाढवून बाहेर येईल. पण म्हातारे एकदम ताठ बसले. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. तुम्ही एक अट घातलीत, आणि ती अट मला आजही सगळ्या सुसंवादवाल्यांना ओरडून सांगावीशी वाटते. कुठल्याही पोराने आपला पाठ स्वतःच्या घरी बसून करायचा नाही. शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या हातात पुस्तक द्यायचं आणि त्याला म्हणून दाखवायचं. रोज संध्याकाळी अर्धा तास. म्हाताऱ्याने चुका काढायच्या आणि चहा द्यायचा.

पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांना कंटाळले. दुसऱ्या आठवड्यात प्रधानाने मला सांगितलं की चौदा नंबरच्या काकूंना पुस्तक लागतच नाही. त्या भाजी निवडत असतात, आणि हा चुकला की नुसती भुवई उचलतात. तिसऱ्या आठवड्यात तो मेथी निवडायला शिकला होता. आपल्या ओट्यावरून संध्याकाळी पाहिलं की घराघरातून राजवाडा ऐकू येई. कुठे दासी रडते आहे, कुठे सेनापती "थांबा, थांबा, पुन्हा घेतो" म्हणतो आहे. ते सगळं मी तेव्हा फार वरून पाहत होतो. पुढे त्याच सवयीवर माझं पोट भरायचं होतं, हे माहीत नव्हतं.

मी युवराज होतो. तुम्ही राजा. आणि माझी जोडी तुम्ही लावलीत कोपऱ्यातल्या घरातल्या गार्डसाहेबांशी. ते रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, निवृत्त होऊनही पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली रेल्वेचं घड्याळ. पहिल्या दिवशी मी पुस्तक पुढे केलं तर त्यांनी ते मिटून मांडीवर ठेवलं आणि डोळेही मिटले. म्हणाले, बोल. मी जिथे जिथे अडखळलो तिथे ते पुढचा शब्द देत गेले. मी विचारलं, तुम्ही हे नाटक किती वेळा पाहिलंत? ते म्हणाले, एकदाही नाही. मनमाडच्या बाजूला त्यांच्या लहानपणी कंपनी यायची, तंबू पडायचा. त्यांच्या लोकांना आत सोडत नसत. ते आणि त्यांचे वडील कनातीला कान लावून बाहेर बसत, महिना-महिना. "सगळं ऐकलेलं आहे," ते म्हणाले, "राजा दिसतो कसा ते तेवढं राहिलंय." हे मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, जरा गंमत म्हणूनच. तुम्ही जेवता जेवता थांबलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मंडपवाल्याला सांगून आलात की पहिल्या रांगेतली मधली खुर्ची गार्डसाहेबांची, तिथे आमदार आला तरी बसवायचा नाही.

पाच अंकांचे दोन तास करायचं काम माझ्याकडे होतं. लाल पेन्सिल घेऊन मी पुस्तकावर बसलो आणि मला अतोनात आनंद झाला. तो आनंद अजून टिकून आहे. दुसऱ्याचं बोलणं कापून छोटं करणं यालाच मी पुढे लेखन म्हणत आलो. पदं गेली, विदूषक गेला, दोन ऋषी गेले. चौथ्या अंकातलं राजाचं भाषण तेवढं तुम्ही ठेवायला सांगितलंत. दोन पानं होती, बारीक टायपात. तालमीत तो प्रवेश आला की तुम्ही हात हलवायचात. "माले पाठ शे. पुढे चला." जुन्या नटांची ही रीत म्हणे, मोठं भाषण तालमीत खर्च करायचं नाही. तुम्ही सटाण्याकडच्या आपल्या गावच्या जत्रेत, लग्नाआधी, हाच राजा केला होता हे मला आईकडून कळलं. तुम्ही स्वतः काही सांगितलं नाही. त्या भाषणाचं नाव निघालं की तुमचं बोलणं मात्र आपोआप बागलाणात, अहिराणीत जायचं.

तेच मला नको होतं, आप्पा. कचेरीच्या कागदावर तुमच्याइतकं घोटीव मराठी कोणी लिहीत नसेल, पण जीभ तुमची सटाण्यालाच राहिली होती. 'ळ' तुम्हाला जवळजवळ नव्हताच. डोळे म्हणजे डोये, आभाळ म्हणजे आभाय. घरात ते माझ्या कानाला कळतसुद्धा नसे. पण माझे मित्र कॉलेज रोडच्या भाषेत बोलत, आणि मी त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढे. ते भाषण जिने लिहिलं त्या लेखणीने तर बागलाणवर सूड उगवल्यासारखे ओळीओळीत 'ळ' पेरले होते.

रंगीत तालीम बालवाडीच्या खोलीत झाली, रविवारी दुपारी. मुकुट रविवार कारंजावरच्या दुकानातून भाड्याने आणलेले, तुमचा जरा मोठा, आतून वर्तमानपत्र घालून बसवलेला. चौथा अंक आला. त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्ही हात हलवला नाहीत. पुढे आलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "युवराज, तुम्ही डोये उघडले त्या दिवशी आम्ही मोहिमेवर होतो."

मागे प्रधान फुसकन हसला. त्याला बघून द्वारपाल हसला. ते हसणं वाईट नव्हतं, आता कळतं. वीस वर्षांची पोरं होती, मुकुट आणि 'डोये' एकत्र आले इतकंच. माझे कान मात्र पेटले. मी टाळी वाजवून तालीम थांबवली आणि फार समंजस आवाजात सांगितलं की हा प्रवेश लांबतोय, नऊच्या आत पडदा पडला पाहिजे, हे भाषण आपण काढू. राजा नुसता खांद्यावर हात ठेवेल, मी 'जशी आज्ञा, महाराज' म्हणेन, आणि जाऊ. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मुकुट काढलात, त्यातलं वर्तमानपत्र नीट केलंत.

"माले पाठ शे रे," तुम्ही म्हणालात. मग लगेच, शहरी मराठीत, "बरं. जाऊ दे. लांबतच असेल."

ही गोष्ट खोलीत होतो तेवढ्या सहा-सात जणांना माहीत; परवाच्या भाषणावरून प्रधान ती विसरलाय, किंवा माझ्यासाठी झाकतोय. म्हाताऱ्यांना कोणी सांगितली नाही. मी त्या संध्याकाळी गार्डसाहेबांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, राजाचं भाषण सोडून बाकीचं घेऊ, ते मी समोर बसूनच ऐकणार. मी म्हणालो, बरं.

आता प्रयोग. साडेसहाला सुरू झाला, अजून पश्चिमेला उजेड आहे. पहिल्या रांगेत म्हातारे बसलेत, मध्ये गार्डसाहेब, शर्टाच्या खिशाला पेन. पहिल्या अंकापासूनच त्यांचे ओठ हलतायत, सगळ्यांचेच हलतायत. आम्ही बोलतो आणि आमच्या मागून अर्धा श्वास उशिरा पहिली रांग बोलते. त्यांनी महिनाभर आमच्याकडून करून घेतलेला पाठ ते आता तपासून घेतायत. प्रधान एका ठिकाणी चुकला तर काकूंची भुवई मला रंगमंचावरून दिसली. चौथा अंक येतो. तुम्ही पुढे येता, खांद्यावर हात ठेवता. हात जड आहे. आणि थांबता, ठरल्याप्रमाणे, मी वाक्य टाकावं म्हणून.

मी वाक्य टाकायच्या आत समोरून आवाज आला. मोठा नाही. अडखळलेल्या मुलाला द्यावा तसा, हळूच. "युवराज, तुम्ही डोळे उघडले त्या दिवशी." गार्डसाहेब खुर्चीत पुढे सरकले होते. तुम्ही बोलला नाहीत म्हणून काकूंनी पुढचा तुकडा दिला, "आम्ही मोहिमेवर होतो." मग सगळी रांग. त्यांना वाटलं राजा विसरला. दुसरं काय वाटणार? जे भाषण ऐकायला ते आले होते तेच कोणी कापून टाकलं असेल असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या तोंडात ते भाषण होतं, मला दिसत होतं. नुसती मान हलवायची होती मी. तुम्ही राजा होतात, बाप होतात, नाटक तुमचं होतं, आणि तरी परवानगी माझ्याकडे मागत होतात, कारण 'बरं' म्हणाला होतात.

मी म्हणालो, "जशी आज्ञा, महाराज."

न दिलेली आज्ञा मी मान झुकवून घेतली आणि विंगेत गेलो. तुम्ही दोन क्षण तिथे उभे राहिलात. मग मागोमाग आलात. लोकांनी प्रचंड टाळ्या वाजवल्या, दयेच्या.

त्या प्रसंगानेच कॉलनी एक झाली, त्यात प्रधान खोटं बोलला नाही. पडदा पडल्यावर पोरं खाली उतरून म्हाताऱ्यांना विचारायला लागली, तुम्हाला हे सगळं येतं कसं. ज्याला त्याला सांगायला काहीतरी होतं. दोन मंडळांचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि पुढच्या वर्षी पाठ कोणाकडे करायचा यावरून पोरांची भांडणं झाली. तुमच्या वाट्याला औषधं आली. चौदा नंबरच्या काकूंनी भिजवलेले बदाम पाठवले. कोणी ब्राह्मीचं तेल दिलं. वणीहून कोणीतरी प्रसाद आणला, खास स्मरणशक्तीसाठी. तुम्ही महिनाभर बदाम खाल्लेत, तेल लावलंत, विचारलं की "फरक आहे" म्हणालात. प्रयोगाच्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं होतं, अहो, पाठ होतं ना तुम्हाला, विसरलात कसे? तुम्ही म्हणालात, "वय झालं." मी समोर जेवत होतो. मी आमटी मागितली.

त्याच वर्षी माझा पहिला लेख छापून आला. त्याचा विषय काय होता ते तुम्हाला आठवत असेल, कारण तुमची स्मरणशक्ती उत्तम होती. भाषण विसरलेला राजा आणि त्याला आठवण करून देणारी प्रजा. लोक पोट धरून हसले. तुम्ही तो चष्मा लावून वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "बरं लिहिलंयस. शेवट जरा लांबलाय." एवढंच. मग तो छापील अंक घेऊन ओट्यावर गेलात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवलात.

फक्त एका माणसाने विश्वास ठेवला नाही. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मी गार्डसाहेबांकडे पुस्तक आणायला गेलो. ते त्यांनी कागदात गुंडाळून ठेवलं होतं. म्हणाले, "तुझे आप्पा विसरले नाहीत. गाडी बंद पडली की कोणी थांबवली, हे मला मागच्या डब्यात बसून कळायचं." मी पुस्तक उचललं. त्यांनी चहा दिला.

तुम्ही गेलात त्यानंतर सात-आठ वर्षांनी. तेराव्याला गार्डसाहेब आले, काठी टेकत. मला बाजूला घेऊन म्हणाले की ते भाषण त्यांनी ऐकलं होतं. प्रयोगानंतर चौथ्या दिवशी तुम्ही दुपारी त्यांच्या ओट्यावर गेलात, त्यांना खुर्चीत बसवलंत आणि उभं राहून सबंध म्हटलंत. मुकुट नव्हता, टोपी होती. "समोर बसून ऐकलं," ते म्हणाले. मी विचारलं, बोलणं कसं वाटलं? ते म्हणाले, "होता तसाच. आमच्या तंबूतला राजा पण तुमच्याच बाजूचा होता." मग म्हणाले, "तुझ्यासाठी होतं ते. सांगू का काय आहे त्यात?"

घरात माणसं होती. मी म्हणालो, नंतर. ते लेकीकडे भुसावळला गेले आणि तिकडेच वारले.

त्याच दिवसांत आईने सहज बोलता बोलता सांगितलं की मी झालो तेव्हा तुम्ही सुरगाण्याकडे कालव्याच्या पाहणीवर होतात, वाट बंद होती. दीड महिन्याने आलात आणि कपडे चिखलाचे म्हणून मला हातात न घेता दारातूनच बघत राहिलात. तिला नाटकातलं ते पहिलं वाक्य माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आणि तेवढंच माहीत आहे. माझी कबुली इतकीच आहे, आप्पा. लोकांना वाटतं तुम्ही विसरलात. मला वाटायचं की मला निदान माहीत आहे मी काय कापलं. ते खरं नाही. ती दोन पानं मी वाचलीच नव्हती. बारीक टाइप होता, पहिली ओळ वाचली, पुढे सगळीकडे 'ळ' दिसले, आणि रेघ मारली. राजाने युवराजाला शेवटी काय करायला सांगितलं, ते मी त्या वेळी वाचलं नाही, नंतरही नाही. 'जशी आज्ञा' म्हणून मोकळा झालो.

पुस्तक माझ्याकडे आहे, गार्डसाहेबांच्या कागदातच गुंडाळलेलं. हे पत्र त्या पानांत ठेवावं असं मघापासून मनात आहे. पण त्यासाठी ती पानं उघडावी लागतील. तूर्त पत्र टेबलावरच आहे, आणि त्याच्यावर वजन म्हणून पुस्तक ठेवलं आहे.